पुंगळीतली जवारी

दुकानाच्या आतल्या भिंतीवर एक सायलेन्सर टांगलाय. बुलेटचा, कंपनी फिटिंगचा, ग्राइंडरने पडवळासारखा उभा चिरलेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथ आणि वेल्डिंगच्या शेडांच्या गर्दीत हे एका शटरचं दुकान आहे. 'आवाज बनवून द्या' म्हणत नवं पोरगं आलं की मिस्त्री त्याला आधी या भिंतीपाशी नेतात. "हे बघ आत काय असतंय. आता सांग, यातलं काय काढू?"

पोरगं गप्प होतं. आत काहीच नसतं, असं त्याने धरलेलं असतं. इथे तर पत्र्याच्या आडव्या भिंती घालून तीन खोल्या केलेल्या दिसतात. भिंतींतून आरपार गेलेल्या नळ्या, नळ्यांना चाळणीसारखी भोकं. इंजिनातून सुटलेला धूर थेट बाहेर पडत नाही. एका खोलीत शिरतो, उलटा फिरतो, दुसऱ्या खोलीत रेंगाळतो आणि मग शेपटीतून सुटतो. "हे सगळं काढलं की राहिली पुंगळी," मिस्त्री म्हणतात. "पुंगळी कोण पण करतंय. त्याला मिस्त्री कशाला पायजे?"

या प्रश्नात त्यांच्या धंद्याचं सगळं मर्म आहे. गाडीचा आवाज चांगला करायचा म्हणजे तो मोकळा सोडायचा, असा सरसकट समज आहे. मिस्त्रींचं म्हणणं उलटं. आवाज गाळून बनतो. किती सोडायचं हे नंतर. काय अडवायचं, हे आधी.

आवाजाशी आपलं नातं जुनं आहे. मोटरसायकलला मराठीने नाव दिलं तेच मुळी तिच्या सायलेन्सरवरून. रंग, चाकं, वेग, सगळं बाजूला ठेवून आपण तिला फटफटी म्हटलं. आणि फटफटींमधली थोरली म्हणजे बुलेट. मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची, 1932 पासूनची. भारतीय लष्कराला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, म्हणून 350 सीसीची बुलेट इथे आली आणि 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे फौजदार, पाटील, साखर कारखान्याचे संचालक अशा मानकऱ्यांच्या दारात ती दिसू लागली. गाडी वळणाआड असतानाच कोण आलंय ते गावाला कळायचं.

तो आवाज इतका ओळखू का येतो, याचं उत्तर साध्या गणितात आहे. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. जुनी बुलेट एकाच सिलिंडरची; उभी असताना मिनिटाला नऊशे फेरे धरले तर स्फोट साडेचारशे, म्हणजे सेकंदाला साडेसात. माणसाच्या कानाला सूर म्हणून ऐकू यायला सेकंदाला साधारण वीस कंपनं लागतात. त्याखाली सूर लागत नाही, सुटे ठोके ऐकू येतात. चार सिलिंडरची गाडी बाराशे फेऱ्यांवर सेकंदाला चाळीस स्फोट करते, म्हणून ती गुणगुणते. बुलेट ठेका धरते. चोवीसशे फेऱ्यांच्या पुढे गेलं की तिचे ठोकेही एकमेकांत मिसळून सूर होतात. बुलेटवाला गाडी हळू चालवतो त्यात रुबाब असतोच. पण त्याला हवी असलेली गंमतही तिथेच, हळू चालण्यात असते.

जुन्या ओतीव लोखंडाच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90. लांब धाव, जड फ्लायव्हील. दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या वेळात ते जड चाक इंजिनाला ओढून नेतं, म्हणून इतक्या मंद चालीतही गाडी बंद पडत नाही. म्हणजे ठेका जन्मतो तो इंजिनात. सायलेन्सर त्याला फक्त कंठ देतो.

आता हा कंठ कसा घडतो ते पाहू. प्रत्येक स्फोटानंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाची एक लाट बेंड पाइपमधून धावत सुटते. त्या एका धक्क्यात खोल घुमारा असतो आणि कान टोचणारी चरचरही असते. अरुंद नळीतून लाट अचानक रुंद खोलीत शिरली की तिचा काही भाग मागे परततो. परतणारी लाट आणि पाठून येणारी लाट बऱ्याच अंशी एकमेकींना मारतात. कोणत्या पट्टीचा आवाज मरणार, हे खोलीच्या लांबीवर ठरतं. काही सायलेन्सरांत जाळीच्या नळीभोवती ग्लासवूल गुंडाळलेली असते. ती उंच पट्टीचे आवाज शोषून घेते. खालच्या पट्टीची लाट मात्र फार लांब असते. तापलेल्या धुरात सेकंदाला शंभर कंपनांची एक लाट जवळपास पाच मीटर भरते. हातभर डब्याला ती सहजी पकडता येत नाही. म्हणून बरा सायलेन्सर चरचर खातो आणि घुमारा बराचसा सोडून देतो.

जाळ्या आणि भिंती उपटून काढल्या की मुख्यतः जी सुटते ती हीच चरचर. पैसे मोजून घेतलेला 'बेस' रस्त्यावर पत्र्यासारखा का वाजतो, याचं कारण इथे आहे.

कोल्हापूरहून तासाभराच्या वाटेवर मिरज आहे. तिथले कारागीर सतारीची जवारी काढतात. घोडीचा माथा कानशीने असा घासायचा की तार त्यावर टेकताना हवी तेवढीच झणझणली पाहिजे. जवारी खुली ठेवली की झंकार वाढतो, बंद ठेवली की सूर गोल होतो. वादक काय मागतो ते ऐकायचं, एक हात कानस फिरवायची, तार छेडून बघायची, पुन्हा घासायचं. घोडी जास्त घासली गेली की संपलं. मिस्त्रींचं काम पाहताना मला सारखी ती घोडी आठवत होती. त्यांच्या हातात कानशीऐवजी ग्राइंडर आहे, एवढाच फरक.

बाजार मात्र घाईत असतो. दिल्लीचं करोल बाग बुलेटच्या सजावटीचं माहेरघर. पुण्यात स्पेअर पार्टसाठी नाना पेठ. दुकानांत सायलेन्सर दोडक्यासारखे टांगलेले असतात आणि त्यांची नावंही तशीच रसाळ: शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, गोल्डस्टार, मेगाफोन, डॉल्फिन, इंदोरी, पंजाबी. गोल्डस्टार हे नाव बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या शर्यती गाडीवरून आलेलं. क्रोमची झिलई झकास असते, आत बहुतेक वेळा एक सरळ नळी आणि नावापुरती जाळी. दुकानदार गाडी चालू करून ऐकवतो. बंद गाळ्यात, दोन पावलांवरून, उभ्या गाडीवर. त्या क्षणी सगळेच सायलेन्सर भारी वाटतात.

कंपनीचा सायलेन्सर वेगळ्या परीक्षेतून आलेला असतो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही 1966 मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. ती गाड्या प्रमाणित करते, त्यात आवाजही आला. चाचणी अशी: गाडी ठरावीक वेगाने येते, वीस मीटरच्या पट्ट्यात शिरताच थ्रॉटल पूर्ण उघडायचा, आणि मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेला मायक्रोफोन सगळ्यात मोठा आकडा टिपतो. 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला मर्यादा 80 डेसिबल, 80 ते 175 सीसीला 77. डेसिबलचा हिशेब फसवा असतो. तीन वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. दहा वाढले की कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. नव्वदवर गेलेली गाडी 'थोडी मोठी' नसते.

बुलेटच्या कारखान्यातल्या इंजिनिअरांचं अवघड काम या कुंपणाच्या आतलं आहे. गिऱ्हाइकाला ठेका हवा, कायद्याला शांतता हवी. त्यातून ठेक्याची खोली राखायची आणि धार काढून घ्यायची. 2020 पासून आलेल्या 349 सीसीच्या नव्या इंजिनातही पिस्टनची धाव 85.8 मिलिमीटर इतकी लांब ठेवलेली आहे. जुने बुलेटवाले 'पूर्वीची मजा नाही' म्हणतात. ते म्हणणारच.

पुंगळी केली की ताकद वाढते, हा आणखी एक लाडका समज. फोर स्ट्रोक गाडीत धुराची वाट मोकळी केली आणि पेट्रोलचं माप तेच राहिलं, तर मिश्रण पातळ होऊ शकतं, इंजिन तापतं. आणि टू स्ट्रोकला पुंगळी म्हणजे आत्मघातच. आरएक्स 100 आठवा: 98 सीसी, अकरा घोड्यांची, 1985 साली आलेली. टू स्ट्रोकचा फुगीर पाइप हा इंजिनाचाच भाग असतो. त्याच्या शेवटावरून परतलेली दाबलाट सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याच्या वॉल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात हे तंत्र परिपूर्ण केलं. त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेगनर 1961 मध्ये स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून गेला आणि ते ज्ञान सोबत घेऊन सुझुकीकडे पोहोचला. पुढच्याच वर्षी 50 सीसी गटात सुझुकीच्या गाडीवर तो जगज्जेता झाला. एका नळीच्या आकाराचं ज्ञान माणसाने सीमेपार नेलं; आणि आपण तीच नळी चौकातल्या वेल्डरकडून कापून घेतो.

सायलेन्सरमधून काढल्या जाणाऱ्या फटाक्याची गोष्ट यापेक्षा साधी आणि यापेक्षा वाईट. चालत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद करायची. इंजिन फिरत राहतं, ठिणगी पडत नाही, कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठतं. किल्ली परत चालू केली की तापलेल्या नळीत त्याचा भडका उडतो. यात बनवण्यासारखं काहीच नाही. "ह्यो आवाज न्हाई, ही खोडी हाय," मिस्त्री एवढंच म्हणतात.

1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि कामाची सगळी गणितं बदलली. नव्या गाड्यांत धुराच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखं एक बारीक जाळं बसवलेलं असतं: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू तिथे निरुपद्रवी होतात. अलीकडे ऑक्सिजन सेन्सरही बसलेला असतो. पूर्वी सायलेन्सर उघडणं म्हणजे फक्त आवाजाशी खेळणं होतं; आता ते पोळं फोडलं की शेजाऱ्याच्या कानाबरोबर त्याच्या फुप्फुसाचाही हिशेब येतो. मिस्त्री बीएस 6 गाडीच्या सायलेन्सरला कटर लावत नाहीत.

कायदा तर आधीपासून स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 120 सांगतो, की प्रत्येक गाडीला धुराचा आवाज शक्य तितका कमी करणारं साधन हवं. कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाही. आवाजाची मर्यादा मोडली तर कलम 190 खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण वर्तमानपत्रांत पाहतो. रात्री निवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. त्या शांततेत बाळंतिणीच्या खिडकीखालून पुंगळी जाते तेव्हा त्या गाडीबद्दल काय बोललं जातं, ते चालवणाऱ्याला कधीच ऐकू येत नाही.

मग मिस्त्रींचं पोट कशावर चालतं? दुरुस्तीवर. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गाडी थोडीच चालली तर ते वाफ न होता सायलेन्सरमध्ये साचतं आणि पत्रा आतून सडतो. सुटलेली भिंत खुळखुळ्यासारखी वाजते. बेंड पाइपच्या तोंडाशी गॅस्केट गेली की फसफस सुरू. टॅपेट सैल असतील तर वरून टकटक. "आवाज बनवून द्या" म्हणणाऱ्या निम्म्यांना खरं तर यातलंच काहीतरी झालेलं असतं.

त्या दिवशी आलेल्या पोराच्या गाडीला आधीच्या मालकाने बसवलेली लाँग बॉटल होती. मिस्त्रींनी ती काढून कोपऱ्यात ठेवली, कुणीतरी टाकून दिलेला कंपनीचा सायलेन्सर आणला, तळाचं पाणी जायचं भोक तारेने मोकळं केलं. नवी गॅस्केट, टॅपेट सेटिंग. मग किक मारली आणि खाली बसून, धुराच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर तळहात धरला. बराच वेळ.

"ये, हात लाव."

पोराने हात धरला. ठोके तळव्यावर एकसारखे आपटत होते.

"लागतंय?"

त्याने मान हलवली. रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये लेथ चालू होती, तिचा आवाज दुकानात स्पष्ट ऐकू येत होता.