पागलखाना चौकातून घरापर्यंत

नागपुरात कोराडी रस्त्याच्या बाजूस एक चौक आहे. कोणत्याही ऑटोवाल्यास विचारा, तो त्याचे नाव 'पागलखाना चौक' असेच सांगेल. आमच्या लहानपणी कोणी फार खोड्या केल्या की घरातील मोठी माणसे म्हणत, "याला पागलखान्यात टाका." तेव्हा आम्ही हसत असू. पुढे सामाजिक कामानिमित्त दारोदार फिरू लागलो, तेव्हा या एका शब्दाच्या भीतीने किती घरे नासली, हे आम्हास कळले.

अशाच एका घरची ही हकीकत. नाव-गाव आम्ही देत नाही.

मुलगा बावीस वर्षांचा, बारावी पास, गोदामात हमालीला जाणारा. हळूहळू त्याची झोप गेली. भिंतीकडे तोंड करून तो बोलू लागला. शेजारी पाळत ठेवतात, जेवणात विष घालतात, असे म्हणून एक दिवस त्याने ताट भिरकावले. आई धुणीभांडी करणारी. तिने लिंबू उतरविले, ताईत बांधले, शेवटी एका बाबाकडे नेले. तेथे पोराला खांबाला बांधून मिरचीची धुरी दिली. गळ्यातील डोरले त्यात गेले, वर्ष गेले, पोरगा मात्र अधिकच बिघडला.

"सरकारी दवाखान्यात का नेले नाही?" आम्ही विचारले.

"भाऊ, पोराले पागल म्हणतीन लोक. मंग धाकटीले कोन करून नेईन?"

या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. आम्ही इतकेच म्हणालो, "बाई, उद्या सकाळी निघू. आम्ही सोबत येतो."

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. राज्यात अशी जुनी रुग्णालये चार : येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी. येरवड्याला २५४० खाटा, ठाण्याला १८५०, नागपूरला ९४० आणि रत्नागिरीला ३६५ मंजूर आहेत. आकडे ऐकून वाटते की येथे माणसे कोंडण्याचेच काम चालते. त्या माउलीलाही तसेच वाटले होते. पोराचे दोन जोडी कपडे तिने पिशवीत भरूनच आणले होते.

पण घडले वेगळे. बाह्यरुग्ण विभागात कागद निघाला. झोप कशी, जेवण कसे, कधीपासून, घराण्यात आणखी कोणाला असा त्रास होता काय, हे सारे आईला विचारण्यात आले. डॉक्टरांनी मुलाशी एकट्याने बोलून घेतले, गोळ्या लिहून दिल्या व पुढची तारीख दिली. पोरगा त्याच दिवशी आईसोबत घरी आला. कपड्यांची पिशवी तशीच परत आली.

वाचकहो, हे नीट समजून घेतले पाहिजे. मनाच्या आजारातील बहुतेक रुग्णांना भरती करावेच लागत नाही. घरी राहून, कामावर जाऊन उपचार घेता येतात. मात्र या गोळ्यांचा गुण तापाच्या गोळीसारखा तासाभरात येत नाही. काही आठवडे धीर धरावा लागतो.

दोन महिन्यांत मुलगा सुधारला, आणि येथेच घरच्यांची चूक झाली. "आता बरा आहे, गोळ्या कशाला?" म्हणून औषध बंद केले. काही महिन्यांत आजार उलटला. या वेळी मात्र भरती करावे लागले.

भरतीलाही आता कायदा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २०१८ च्या मे महिन्यापासून लागू झाला. रुग्ण राजी असेल तर तो स्वतःच्या सहीने भरती होतो. आजारामुळे त्याला निर्णय घेणेच शक्य नसेल, तर त्याच्या वतीने घरच्या माणसाने अर्ज केल्यावर दोन तज्ज्ञ त्याला वेगवेगळे तपासतात आणि सुरुवातीची भरती जास्तीत जास्त तीस दिवसांची असते. साखळीने बांधण्यास मनाई आहे. भूल दिल्याशिवाय शॉक देण्यासही मनाई आहे. आणि भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

खरी परीक्षा पुढेच होती. मुलगा सुधारला, घरी न्या, असा निरोप आला. नातेवाईक म्हणाले, "राहू दे तिथेच. दोन वेळचे जेवण मिळते." माउली दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी एकटीच गेली आणि मुलाला घेऊन आली. आज तो गोदामात नाही, पण चौकातल्या एका सायकल दुकानात पंक्चर काढतो. गोळ्यांची डबी रेशनकार्डाच्या शेजारी, फळीवर असते. रात्री जेवण झाले की धाकटी बहीणच डबी पुढे करते.

सगळ्यांच्या नशिबी अशी आई नसते. बरी झालेली, पण कोणी न्यायला न आलेली माणसे राज्याराज्यांच्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे पडून राहिली. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात हलविणे थांबवा, असे न्यायालयाने २०२१ साली आपल्या महाराष्ट्र सरकारलाच बजावले. घरच्यांनी नाकारले, एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे २०१७ चा कायदाही सांगतो. कायदा दार उघडून देतो. पण उघडलेल्या दारातून माणसाने जायचे कुठे? तो घरीच गेला पाहिजे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. झोप उडणे, विनाकारण संशय, एकट्याशी बोलणे, कामावरून मन उडणे, मरणाची भाषा करणे, यांपैकी काही दिसले तर वेळ दवडू नये. नागपूर दूर असेल तर जिल्हा रुग्णालयात जावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर व समुपदेशक तेथे असतात. ठरल्या दिवशी पथक आपल्या तालुक्याला येते काय, हेही तेथेच विचारून घ्यावे. जाताना आधार, रेशनकार्ड, जुने कागद व चालू गोळ्यांचे पाकीट न्यावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. आजार दीर्घकाळचा असेल तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मागता येते. अर्ज भरता येत नसेल तर वस्तीतील शिकल्यासवरल्या पोरांनी भरून द्यावा. तेही समाजकार्यच आहे.

डॉक्टर गोळी देतील, सरकार खाट देईल. पण बऱ्या होऊन परतलेल्या माणसाला "ये, बस, चहा घे" असे म्हणणारा शेजारी सरकारला देता येत नाही. तो तुम्ही-आम्हीच व्हायचे आहे. चौकाचे नाव बदलेल तेव्हा बदलेल, आपल्या तोंडातला तो शब्द मात्र आजपासूनच बदलू या.

त्या धाकटीचे लग्न गेल्या वर्षी झाले. मुलाकडच्यांना आईने सारे आधीच सांगितले होते. मांडवात पाहुण्यांना पाणी देत भाऊच फिरत होता.