साथीचा रोग आणि घरची शिल्लक

साथीच्या दिवसांत रुग्ण दवाखान्यात दुसऱ्या दिवशी येतो की आठव्या, हे पुष्कळदा घरच्या शिलकीवर ठरते. २०२० आणि २०२१ साली कोरोनाच्या काळात यवतमाळ जिल्ह्यात काम करणाऱ्या आम्हा डॉक्टरांना याचा वारंवार प्रत्यय आला. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आता निवांतपणी हा हिशेब तपासणे बरे.

सुरक्षित घर कोणते?

नोकरदाराला पगार आणि बँकेतील ठेव म्हणजे आधार वाटतो. आपल्या खेड्यातील माणूस कोठीतील ज्वारी-गहू, तुरीची डाळ, दावणीची जनावरे आणि घरात साठवलेला कापूस पाहून निश्चिंत होतो. एरवी हा हिशेब चुकीचा नाही. परंतु २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली, कापसाची खरेदी थांबली आणि हीच संपत्ती घरात अडकून पडली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. पण केंद्रच बंद, तर चुकारा कुठून मिळणार? पुढे खरेदी सुरू झाली तरी नंबर लागेपर्यंत पेरणी तोंडावर आली. घरात कापूस भरलेला, त्यावरच मुले झोपलेली, अंगाला खाज सुटलेली आणि बियाण्यासाठी हात रिकामा, अशी कितीतरी घरे होती.

मजुरांची स्थिती निराळी. एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी ५ किलो जादा धान्य मोफत मिळू लागले. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये जमा झाले. त्यामुळे चूल पेटत राहिली. मात्र तेल, मीठ, औषध आणि बचत गटाचा हप्ता यांना रोकड लागते. त्यातच पुण्या-मुंबईला कामाला गेलेला मुलगा परत आला. त्याचा पैसा थांबला आणि घरात खाणारे तोंड वाढले. ‘दाणे हायेत साहेब, पैसा नाई,’ हे वाक्य त्या दिवसांत रोज कानी पडे.

भीती कशाची?

मे २०२० मध्ये राज्य शासनाने खासगी रुग्णालयांचे कोरोना उपचाराचे दर ठरवून दिले. दिवसाला साध्या वॉर्डात ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. महागडी औषधे वेगळी. आता शेतकऱ्याच्या मापाने मोजा. अतिदक्षता विभागातील दहा दिवस म्हणजे ७५,००० रुपये, म्हणजेच हमीभावाने साडेतेरा क्विंटल कापूस! कोरडवाहू जमिनीत हे दोन-तीन एकरांचे पीक झाले. हा आकडा डोळ्यांपुढे असल्यावर माणूस ताप लपवतो, ‘साधा मलेरिया असेल’ म्हणून अंगावर काढतो. तपासणीत दोष निघाला तर सगळ्या घराची मजुरी बुडेल, ही आणखी एक धास्ती. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणारे, साखरेचे औषध ‘सध्या राहू द्या’ म्हणणारे अनेक निघाले. या काटकसरीतून पुढे पक्षाघात किंवा हृदयविकार उद्‌भवला, तर वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट खर्च होतो.

आजच काय करावे?

१) धान्याचा आणि रोकडीचा हिशेब वेगळा ठेवा. चुकारा हाती आला की त्यातील थोडी रक्कम आजारपणासाठी बाजूला काढा. ती बी-बियाण्यात वा लग्नकार्यात घालू नका.

२) शिधापत्रिका, आधार कार्ड व बँकेचे पासबुक एका पिशवीत ठेवा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०२० मध्ये सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली. योजनेत बसणारे उपचार अंगीकृत रुग्णालयातच मोफत मिळतात; म्हणून दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला भेटा.

३) प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामीण रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार नि:शुल्क आहेत. रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या तेथून नियमित घ्या. पैशाच्या तंगीत त्या प्रथम बंद करू नका.

४) साथीच्या काळात ताप-खोकल्यासोबत धाप लागली किंवा बोटावरच्या यंत्रात प्राणवायूचे प्रमाण ९४ च्या खाली दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लवकर आलेल्या रुग्णाचा खर्च बहुधा कमी होतो आणि जिवाचा धोकाही.

५) हप्ते पुढे ढकलले म्हणजे कर्ज माफ झाले असे नव्हे. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना सवलत होती, तरी व्याज चालूच होते. म्हणून सवलत घेण्याआधी बँकेत विचारा.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कर्जाच्या काळजीने झोप उडणे, जेवण न जाणे, एकटे बसून राहणे ही आजाराचीच लक्षणे आहेत. कर्ता पुरुष ती बोलून दाखवत नाही. आपल्या जिल्ह्याने अशा अबोलपणाची फार मोठी किंमत मोजली आहे. घरच्यांनी अशा माणसाला एकटे सोडू नये, कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवावेत आणि त्याला डॉक्टरकडे आणावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

घरात कोठी भरलेली असावी, हे आपल्या वाडवडिलांनी शिकवले. त्या कोठीशेजारी आजारपणाची थोडी रोकड आणि कागदांची पिशवी असावी, एवढी भर आपण घालू या.