मुखियाने ओझं नाकारलं ते गाव

उत्तर फ्लोरिडातली इचटक्नी नदी झऱ्यांतून जन्म घेते. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू आणि प्रवाहात झुलणारं गवत काठावरून स्वच्छ दिसतं. बारमाही तापमान २२ अंशांच्या आसपास, त्यामुळे उन्हाळ्यात रबरी ट्यूबवर पाठ टेकून वाहत जाणाऱ्यांची इथे झुंबड असते. आज हे राज्य उद्यान आहे. त्यातल्याच फिग स्प्रिंग्ज या झऱ्याकाठी सतराव्या शतकात सान मार्तिन दे आयाकूतो वसलं होतं. तिमुक्वा या मूळ रहिवाशांच्या प्रांताच्या सर्वोच्च मुखियाचं हे गाव.

१९४९ साली पुरातत्त्वज्ञ जॉन गॉगिन यांनी झऱ्याच्या पाण्यातून स्पॅनिश भांड्यांची खापरं गोळा केली. चकचकीत मुलाम्याचे मायोलिका तुकडे आणि ऑलिव्ह तेलाच्या रांजणांची ठिकरं इथल्या मातीची नव्हती, समुद्र ओलांडून आलेली होती. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस ब्रेंट वाइझमन यांच्या उत्खननात चर्च, पाद्र्यांचं निवासस्थान, दफनभूमी आणि शेजारची तिमुक्वा वस्ती यांच्या खुणा मिळाल्या.

१६०८ साली फ्रान्सिस्कन पाद्री मार्तिन प्रिएतो इथे आले. ते आले तेव्हा मुखिया होताच आणि आल्यावरही राहिला. स्पेनचा कारभारच त्याच्यामार्फत चाले. गव्हर्नर त्याला कपडे-वस्तूंचे नजराणे देई आणि तो आपल्या माणसांना स्पॅनिश फ्लोरिडाची राजधानी सान आगुस्तिन इथे कामावर धाडी. साध्या तिमुक्वांच्या वाट्याला सरळसरळ वेठबिगार येई: शंभराहून अधिक किलोमीटर पाठीवर मका वाहायचा, तिथे राबायचं आणि जगलो-वाचलो तर परतायचं. त्यात साथींनी गावं ओस पडत होती. मुखियाच्या पाठीवर मात्र कधी ओझं चढलं नव्हतं, आणि सारी घडी त्यावरच टिकून होती.

१६५५ साली इंग्रजांनी स्पेनकडून जमैका घेतलं. आता आपली पाळी, या भीतीनं गव्हर्नर दिएगो दे रेबोयेदो यांनी १६५६ साली मुखिया आणि इतर मानकऱ्यांनाही शस्त्रांसह सान आगुस्तिनला बोलावलं. प्रत्येकाने स्वतःचं धान्य स्वतः आणावं, असं फर्मान निघालं. ओझं सुमारे तीन अरोबा, म्हणजे ३४ किलोंच्या घरात. कोठाराचा हिशेब जुळवणाऱ्या माणसाला यात वावगं दिसलं नसेल. पण हे ओझं उचललं की उद्या आपलं ऐकणार कोण, हा हिशेब सान मार्तिनचा मुखिया लुकास मेनेंदेस यानं केला. त्यानं नकार दिला आणि स्पॅनिशांना मारण्याचा हुकूम सोडला. पाद्र्यांना मात्र हात लावायचा नव्हता. रोष चर्चवर नव्हताच. उलट पाद्र्यांकडून शिकलेली लिपी बंडाच्या कामी आली. गावोगावचे निरोप तिमुक्वा भाषेतल्या पत्रांतून गेले.

बंड काही महिन्यांत मोडलं. लुकासला आणि इतर पुढाऱ्यांना फाशी झाली. रेबोयेदोंविरुद्ध माद्रिदपर्यंत तक्रारी गेल्या, पण खटल्याआधीच ते वारले.

त्यानंतर उरलेल्या वस्त्या कामिनो रेआल, म्हणजे सरकारी रस्त्याकाठी हलवल्या गेल्या. वाटसरूंना निवारा द्यायचा, माल पुढे पोचवायचा, होड्यांनी नद्या पार करून द्यायच्या, ही कामं त्यांच्यावर पडली. फ्लोरिडातली तिमुक्वा गावं यानंतर पुन्हा जोर धरू शकली नाहीत. १७६३ साली स्पेननं फ्लोरिडा सोडलं, तेव्हा उरलेली मोजकी माणसं क्युबाला गेली.