मनुकांचा पेला

मद्याची परीक्षा म्हणजे रंग, गंध व चव यांची परीक्षा, असा सर्वसाधारण समज आहे. यहुदी लोकांच्या ‘कोशेर’ मद्याच्या बाबतींत मात्र पहिला प्रश्न निराळाच असतो: हें मद्य कोणाच्या हातचें? द्राक्षांचा रस काढल्यापासून बाटलीचें तोंड बंद होईपर्यंत तें शब्बाथ पाळणाऱ्या यहुद्यांच्याच हातीं राहिलें पाहिजे, असा त्यांच्या धर्मशास्त्राचा नियम आहे. नाशिकच्या उत्तम द्राक्षांचें मद्यही अशा हातांतून गेलेलें नसल्यास कोशेर ठरत नाहीं.

मग कोकणांतील बेने-इस्रायलांनीं काय केलें? अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपीं वांचलीं व त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा आहे. भाषा मराठी, धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शुक्रवारीं सायंकाळीं पेला हातीं घेऊन शब्बाथाला पवित्र म्हणावयाचें, या विधीस ‘किद्दुश’ म्हणतात. पेल्यांत द्राक्षवेलीच्याच फळाचा रस हवा. आणि कोकणांत ना द्राक्षमळे, ना कोशेर मद्य!

मार्ग मनुकांनीं दाखविला. काळ्या, मांसल मनुका धुऊन कांहीं तास पाण्यांत भिजवावयाच्या, हातांनीं कुसकरावयाच्या व स्वच्छ फडक्यांतून गाळावयाच्या. मनुका हें द्राक्षच आणि रस घरच्या हातचा; दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. मादकतेची अट शास्त्रांत नाहींच. गोंदियाकडील मंडळींना हा भेद मोहफुलांवरून चटकन् कळेल. वाळलेलें मोहफूल मनुकेसारखेंच दिसतें व भिजवल्यावर तसेंच फुगतें. परंतु तें आंबवून भट्टीवर चढविलें, तरच त्याची दारू होते. किद्दुशाचा रस आंबण्यापूर्वींच पेल्यांत येतो. त्याची चव आधीं गोड, मागाहून सालीची व बियांची किंचित तुरट. घशाला जळजळ मुळींच नाहीं.

हिवाळ्यांत ‘हनुक्का’ हा आठ रात्रींचा दीपोत्सव येतो. बेने-इस्रायलांत तो मागाहून, बाहेरच्या यहुद्यांशीं संबंध आल्यावर रूढ झाला. त्याच्या दिव्यांना मद्य लागत नाहीं. पण आठ रात्रींत एक तरी शुक्रवार येतोच. त्या सायंकाळीं आधीं हनुक्काचे दिवे, मग शब्बाथाचे आणि त्यानंतर मनुकांचा पेला.

1948 नंतर या समाजांतील बहुसंख्य लोक इस्रायलांत गेले. तेथें कोशेर मद्य विपुल. परंतु 1962 सालीं तेथील धर्माधिकाऱ्यांनीं विवाहापूर्वीं यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. पिढ्यान् पिढ्या मद्यावांचूनही ज्यांनीं पेला रिकामा राहूं दिला नाहीं, त्यांच्याच यहुदीपणाविषयीं ही शंका! समाजानें निकराचा विरोध केला आणि 1964 सालीं तेथील संसदेनें ते सर्वार्थानें यहुदी असल्याचा ठराव केला.

महाराष्ट्रांत आतां थोडींच घरें उरलीं आहेत. शुक्रवार उजाडला, कीं त्या घरांत अजून मनुका भिजत पडतात.