चाकांवरचें घर : जुना ट्रेलर घेऊन दूरच्या प्रवासास निघण्यापूर्वीं

ज्यांचीं मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, अशा घरांतील वडील मंडळींस उन्हाळ्याचे चार-सहा महिने तिकडे जाऊन राहण्याचा योग आतां वारंवार येतो. तेथें पोंचल्यावर मुलगा व सून हौसेनें म्हणतात, "चला, आतां देश पाहूं या." परंतु हा देश म्हणजे कांहीं पर्वतीवरून दिसणारें पुणें नव्हे. शिकागोहून यलोस्टोनचें राष्ट्रीय उद्यान सुमारें १,४०० मैल, म्हणजे २,२०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. ज्या माणसाच्या गुडघ्यांनीं असहकार पुकारला आहे, ज्याला दर दोन तासांनीं स्नानगृह जवळ हवें, मधुमेहामुळें जेवणाची वेळ चुकवितां येत नाहीं, आणि इन्सुलीन थंड ठेवावें लागतें, त्यानें हा प्रवास करावा तरी कसा? आमच्या सौभाग्यवतींची स्थिति नेमकी हीच. त्यांच्यापुरता देश पाहण्याचा प्रश्न "तुम्ही सगळीं जाऊन या, मी घर सांभाळतें" ह्या एका वाक्यांत दोन उन्हाळे संपत असे.

ह्या अडचणीवर त्या देशांत रूढ असलेला उपाय म्हणजे 'ट्रॅव्हल ट्रेलर'. इंजिन नसलेलें, मोटारीमागें जोडून ओढावयाचें हें एक लहानसें घरच असतें. आंत निजावयास जागा, चूल, मोरी, शीतकपाट व स्नानगृह. कल्पना नवी नव्हे. मोटारीबरोबर आपला बिऱ्हाडबाजला घेऊन हिंडणाऱ्यांनीं १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा येथें 'टिन कॅन टूरिस्ट्स' नांवाचा संघच स्थापिला होता. वॉली बायम ह्या गृहस्थानें १९३१ सालीं एअरस्ट्रीम कंपनी काढिली व १९३६ मध्यें तिचा अ‍ॅल्युमिनियमचा 'क्लिपर' बाजारांत आणिला. आज इंडियाना राज्यांतील एल्खार्ट व त्याच्या भोंवतालचा मुलूख ह्या धंद्याचें माहेरघर समजला जातो.

नवा ट्रेलर महाग. म्हणून चिरंजीवांनीं जुना घेण्याचें ठरविलें. प्रस्तुत लेखक कांहीं यंत्रज्ञ नव्हे. मुलांना संस्कृत व गणित शिकविण्यांत जन्म गेला एवढेंच. तथापि जुना ट्रेलर घेतांना जे दोन गुण लागतात, संशय आणि हिशेब, ते शाळामास्तराच्या अंगीं मुरलेलेच असतात. त्या जोरावर पाहिलें, ऐकलें व पडताळलें तें येथें सांगतों. ज्यांना असा योग येईल त्यांना तें उपयोगी पडावें.

जुन्या ट्रेलरचा पहिला वैरी पाणी. छपरावर बहुधा रबरासारखें पातळ आवरण असतें. जेथें झरोका, नळी किंवा शिडी त्यास छेदून जाते, तेथील सांधे एका चिकट मसाल्यानें बुजविलेले असतात. ऊन व थंडी खाऊन हा मसाला तडकतो. केसाएवढ्या फटींतून पाणी आंत शिरतें आणि भिंतींतील लांकडी चौकट वर्षानुवर्षें कुजवीत राहतें. बाहेरून रंग तुकतुकीत आणि आंत भुसा! म्हणून प्रत्येक कोपऱ्यांत पाय दाबून पहावा. तक्तपोशी दबली तर जमीन कुजली असें समजावें. बाहेरील भिंतीवर तिरका प्रकाश पाडून फुगवटे आहेत कीं काय तें न्याहाळावें. प्रत्येक कपाट उघडून वास घ्यावा. आम्हीं पाहिलेल्या दुसऱ्या ट्रेलरचा थाट कांहीं विचारूं नका. नवे पडदे, नव्या गाद्या. पण सौभाग्यवतींनीं निजण्याच्या जागेखालचें कपाट उघडलें आणि म्हणाल्या, "अहो, कोंकणांतल्या घरीं श्रावणांत माळ्यावर येई, तस्सा वास आहे हा." चिरंजीवांनीं तेथें टाच दाबली, टाच आंत गेली. विकणाऱ्यानें लगेच किंमत उतरविली. आम्ही पायऱ्या उतरलों.

तिसरा ट्रेलर पसंत पडला. आठ वर्षांचा, बावीस फुटी, दोन आंसांचा, दिसावयास साधा, पण हाडापेरानें धड. त्याच्या छपरावरील सर्व सांधे स्वच्छ पुसून नव्या मसाल्यानें बुजविले. हा मसाला छपराच्या आवरणाच्या जातीस मानवणाराच असावा लागतो. भलताच लाविल्यास आवरण खराब होतें.

दुसरी गोष्ट चाकांची. टायरच्या नक्षीकडे पाहून त्याचें वय ठरवूं नये. ट्रेलर वर्षांतून बराच काळ उभाच असतो. नक्षी झिजत नाहीं, पण रबर वातड होऊन आंतून फाटतें. प्रत्येक टायरच्या अंगावर एक क्रमांक कोरलेला असतो. त्यांतील शेवटचे चार अंक म्हणजे त्याची जन्मपत्रिका. आमच्या ट्रेलरवर '२३१७' असें होतें. अर्थात् २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतील जन्म. पांच-सात वर्षांपलीकडे ट्रेलरचे टायर वापरूं नयेत असें जाणकार सांगतात. म्हणून वरून नवे भासणारे चारही टायर बदलले. नवे टायर घातल्यावर चाकांचीं बोल्टें पहिल्या पन्नास मैलांच्या आंत पुनः आवळून घ्यावीं लागतात. आंसांच्या बेअरिंगांना वर्षाकाठीं किंवा १२,००० मैलांनंतर, जें आधीं येईल तेव्हां, नवें ग्रीज भरावें. बैलगाडीच्या आंसाला वंगण घालणाऱ्या आपल्या पूर्वजांना हें निराळें सांगावें लागलें नसतें.

आतां हिशेब. बहुतेकांची फसगत येथेंच होते. विकणारा विचारतो, "तुमची मोटार किती ओढते?" आमची मोटार ७,००० पौंड ओढूं शकते असें तिच्या पुस्तकांतच लिहिलें आहे. मग ६,५०० पौंडांचा मोठा, अठ्ठावीस फुटी ट्रेलर घेण्यास हरकत कोणती? हरकत अशी कीं, ओढणें निराळें आणि पाठीवर वाहणें निराळें. ट्रेलरच्या एकंदर वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार त्याच्या पुढच्या दांडीवरून मोटारीच्या पाठीवर पडावा लागतो. तो त्याहून कमी झाला तर काय होतें, हें खेड्यांत वाढलेल्यास ठाऊक आहे : मागें भार झाला कीं गाडी उलाळ होते. ट्रेलर तसा झाला कीं वेगांत शेपटीप्रमाणें डावी-उजवीकडे झोले खाऊं लागतो आणि मोटारीसही रस्त्यावरून ओढून नेतो.

मोटारीच्या दाराच्या चौकटीवर एक लहानसा कागद चिकटविलेला असतो. माणसें व सामान मिळून किती वजन वाहावें तें त्यावर दिलेलें असतें. आमच्या कागदावर १,४५० पौंड होते. आम्ही सहा जण : चार मोठीं माणसें ६०० पौंड, दोन नातवंडें ११० पौंड, मिळून ७१०. जोडणीचें सामान ८०. मोठ्या ट्रेलरचा तेरा टक्के भार ८४५. बेरीज १,६३५, म्हणजे मर्यादेहून १८५ पौंड अधिक! लहान ट्रेलर भरून ४,९०० पौंडांचा धरला तर तेरा टक्के ६३७ आणि बेरीज १,४२७. शिल्लक अवघे २३ पौंड. विकणाऱ्याला हा कागद दाखविला तेव्हां तो म्हणाला कीं, पुष्कळ लोक इकडे लक्षच देत नाहींत. तें खरेंच असावें. पण मागच्या बाकावर बसणारीं नातवंडें आमचीं होतीं.

कांहीं स्नेह्यांनीं सुचविलें, "आजी-आजोबांना विमानानें पुढें पाठवा, ३०० पौंड सुटतील आणि मोठा ट्रेलर घेतां येईल." हिशेब बरोबर होता. सूनबाई शांतपणें म्हणाल्या, "ज्यांच्यासाठीं हें घर घ्यायचें, त्यांनाच त्यांतून वगळायचें होय?" प्रश्न तेथेंच मिटला.

रिकाम्या लहान ट्रेलरचें वजन ३,९०० पौंड. त्यामुळें सामानास १,००० पौंड मिळाले. हे पुष्कळ वाटतात, पण पाणीच केवढें! एका अमेरिकन गॅलनचें वजन ८.३ पौंड, चाळीस गॅलनांची टाकी भरली कीं ३३० पौंड झालेच. म्हणून वाटेंत टाकी पाव भरून न्यावी व मुक्कामीं पूर्ण भरावी. बाकीचा प्रत्येक जिन्नस स्नानगृहांतील तराजूवर चढला. लोखंडी खलबत्ता गेला, त्याच्या जागीं मसाला कुटूनच डब्यांत आला. पितळी डबे गेले. माझे दोन कोश गेले, आणि ह्या निकालावर अपील चाललें नाहीं. देवांची लहान पेटी सौभाग्यवतींनीं तराजूवर ठेवूंच दिली नाहीं. नातू हळूच म्हणाला, "आजोबा, दोन पौंड धरूं." धरले. जड वस्तु आंसांच्या आसपास, खालीं, हलक्या वर, अगदीं मागें शक्य तों कांहीं नको. शेवटीं मालमोटारींच्या थांब्यावरील वजनकांट्यावर प्रत्यक्ष वजन करविलें : ४,७६० पौंड.

गॅस, पाणी व वीज ह्यांविषयीं थोडक्यांत. चुलीस प्रोपेन लागतो. तो हवेहून जड असल्यामुळें गळाल्यास जमिनीलगत सांचतो. म्हणून त्याची सूचना देणारें यंत्र जमिनीजवळ असतें. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाहीं. ह्या यंत्रांना आयुष्याची मर्यादा असते व तारीख त्यांवर छापलेली असते. आमचीं दोन्ही कालबाह्य निघालीं, तीं बदललीं. नळीच्या सांध्यांवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कीं काय तें पहावें, आणि चालत्या प्रवासांत सिलिंडर बंद ठेवावे. पिण्याच्या पाण्याची टाकी दर पंधरा गॅलनांस पाव कप ह्या प्रमाणांत साधें ब्लीच घालून कांहीं तास भरून ठेवावी व मग वास जाईपर्यंत धुवावी. मुक्कामाच्या नळाचा दाब कधीं कधीं फार असतो. मधें दाब कमी करणारी तोटी लावली नाहीं तर आंतील नळ्या फुटतात. मैल्याची टाकी आधीं व सांडपाण्याची नंतर सोडावी, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. जुन्या ट्रेलरांतील शीतकपाट बहुधा उष्णतेवर चालतें. तें सपाटीवर नसेल तर नीट थंड होत नाहीं. त्यासाठीं गवंड्याची असते तशी लहानशी पाणसळ जवळ ठेवावी. इन्सुलीन मात्र आम्हीं मोटारींतच, बर्फाच्या पेटींत, पण बर्फास प्रत्यक्ष न लागेल असें गुंडाळून ठेविलें. कारण गोठलेलें इन्सुलीन निकामी होतें.

दूर जाण्यापूर्वीं घराजवळ दोन रात्रींची रंगीत तालीम अवश्य करावी. आम्ही इलिनॉय राज्यांतीलच स्टार्व्ह्ड रॉक उद्यानांत गेलों. तेथें पाण्याचा पंप ठिबकत असल्याचें कळलें, एक खिडकी अडकत असल्याचें कळलें, आणि एक गोष्ट त्याहून मोठी कळली : ब्रेक दाबतांच ट्रेलर किंचित् एका अंगास ओढत होता.

ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे विजेचे ब्रेक असतात व ते मोटारींतील एका यंत्रानें चालतात. कारागिराने चाक उतरविलें, तों आंतील सील फुटून सर्व ग्रीज ब्रेकच्या अस्तरावर पसरलेलें! एका चाकाचा ब्रेक नांवापुरताच उरला होता. हा दिवस गुरुवार, निघावयाचें शनिवारीं, आणि नवा भाग सोमवारीं येणार. मुक्कामांचीं आरक्षणें सहा महिन्यांपूर्वींच केलेलीं. यलोस्टोनमध्यें आम्हांस जागा मिळाली होती ती फिशिंग ब्रिज येथें. तेथें अस्वलांच्या वावरामुळें कापडी तंबूंस मनाई असून पक्क्या भिंतींच्या गाड्यांसच प्रवेश आहे. ती गेली असती तर पुनः मिळण्याची आशा नव्हती. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, तीन ब्रेक शाबूत आहेत. सावकाश गेलों तर चालेल कीं."

मी उत्तर देण्यापूर्वींच त्यांच्या आईनें दिलें. "अरे, दोन वर्षं मी वाट पाहिली. आणखी तीन दिवसांनीं मी कांहीं म्हातारी होत नाहीं." बॅडलँड्सचे दोन मुक्काम सोडून दिले, पैसे बुडाले, यलोस्टोनचा दिवस मात्र साधला. आम्ही मंगळवारीं निघालों.

त्या तीन दिवसांची किंमत वायोमिंगमध्यें कळली. बिगहॉर्न पर्वत ओलांडणाऱ्या वाटांपैकीं '१४-अ' ह्या क्रमांकाच्या वाटेचा उतार दहा टक्क्यांपर्यंत आहे. ती आम्हीं आधींच वर्ज्य केली होती. परंतु १६ क्रमांकाची सौम्य मानलेली वाटही पावडर रिव्हर खिंडींत ९,६६६ फुटांवर चढते आणि मग टेन स्लीपच्या दरींत मैलोगणती उतरत जाते. चिरंजीवांनीं खालचा गिअर घातला व अधूनमधून थोडा थोडा ब्रेक देत ते उतरूं लागले. मागचें घर सरळ रेषेंत, मुकाट्यानें मागोमाग आलें. मोटारींत कोणी बोलत नव्हतें. एका वळणाशीं सौभाग्यवतींनीं डोळे मिटून घेतले होते. दरीच्या तळाशीं गाडी थांबली तेव्हां त्यांनीं उतरून ट्रेलरच्या त्या दुरुस्त चाकाकडे एकदां पाहिलें आणि आंत जाऊन चहाचें आधण ठेविलें.

ज्यांची मुलें अशा बेतांत असतील त्या वडील मंडळींस एकच सुचवावेंसें वाटतें. आपल्याला गाडी चालवितां येत नाहीं, म्हणून आपलें काम नाहीं असें समजूं नये. निघण्यापूर्वीं रोज पहावयाच्या गोष्टींची यादी असते : जोडणी घट्ट, साखळ्या एकमेकींवरून ओलांडून लावलेल्या, ट्रेलर निसटल्यास ब्रेक लावणारी तार जागेवर, दिवे चालू, टायरांत हवा पुरी, सिलिंडर बंद, पायरी आंत, चाकांखालच्या पाचरी काढलेल्या. तरुण माणसें घाईंत असतात व पांचव्या दिवशीं त्यांना सर्व पाठ झाल्यासारखें वाटतें. यादी हातीं घेऊन प्रत्येक कलम मोठ्यानें वाचावें, आणि उत्तर आल्याशिवाय पुढचें वाचूं नये. हें काम म्हातारपणीं उत्तम जमतें. आमची यादी एकवीस कलमांची होती; परतीपर्यंत ती आठ वर्षांच्या नातीला तोंडपाठ झाली, तरी वाचून दाखविण्याचा मान आजोबांकडेच राहिला.