वाळूच्या उबेची जत्रा

कड्यावरच्या गणपतीचा माघी उत्सव कधी, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे, पोरांनो. पंचांग काढायचं, माघ शुद्ध चतुर्थी बघायची, झालं. पण आपल्या आंजर्ल्यात फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत आणखी एक जत्रा भरते आणि तिची तारीख कुठल्याच पंचांगात सापडत नाही. कासव महोत्सव म्हणतात तिला. मुंबई-पुण्याची माणसं दोन दिवसांची रजा काढून येतात, गावातल्या घरांमध्ये उतरतात, पहाटे उठून किनाऱ्यावर जातात. कधी तिथे पन्नास पिल्लं निघतात, कधी एकही नाही. काल धाकटीने मला अगदी नेमकं विचारलं, "आजोबा, मग तारीख ठरवतं तरी कोण?"

ती ठरवते वाळूची ऊब. कशी, ते सांगायला मला जरा मागे थंडीच्या दिवसांत जावं लागेल.

नोव्हेंबर ते मार्च या काळात कधीतरी रात्री एक मादी लाटांमधून बाहेर येते. ऑलिव्ह रिडले तिची जात. पाठ दोन फुटांहून थोडी मोठी, वजन चाळीस किलोच्या आसपास. पाण्यात ती सहज पोहते, पण किनाऱ्याला लागली की सगळा भार स्वतःच ओढायचा. दर काही पावलांनी थांबते, मोठा श्वास घेते, पुन्हा सरकते. भरतीच्या रेघेच्या वर, जिथे पाणी पोहोचणार नाही अशी जागा मिळाली की समुद्राकडे पाठ करून बसते आणि मागच्या पायांनी खणायला लागते. एक पाय ओंजळभर वाळू उचलून बाजूला ठेवतो, दुसरा पडलेली वाळू झटकून टाकतो. मग दुसऱ्याची पाळी. खड्डा तिच्या पाठीमागे असतो, तिला तो दिसतसुद्धा नाही. तरी तो होतो कसा? दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. नुसत्या पायांच्या स्पर्शाने ती हे काम करते, आणि पाय तळाला पोहोचेनासे झाले की खणणं थांबवते.

मग अंडी. शंभराच्या मागेपुढे. लिंबाएवढी, पांढरी, बोटाने दाबली तर किंचित दबणारी. म्हणून वरून पडली तरी फुटत नाहीत. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. बघणाऱ्या माणसाचा जीव गलबलतो, पण ते रडणं नव्हे. समुद्राचं खारट पाणी पिऊन अंगात साठलेलं मीठ ती डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकत असते. पाण्यातही हे चालूच असतं, तिथे आपल्याला दिसत नाही इतकंच.

अंडी घालून झाली की खड्डा बुजवते आणि मग जे करते ते मला सगळ्यात आवडतं. ती डोलते. एकदा उजव्या अंगावर, एकदा डाव्या, आणि पोटाखालच्या कवचाने वाळू धोपटून घट्ट करते. शांत रात्री तो धप्‌ धप्‌ आवाज लांबवर ऐकू येतो. हे नाचणं रिडले कासवांचंच, बाकीची मोठी समुद्री कासवं असं करत नाहीत. तासाभरात सगळं उरकून ती पाण्यात जाते आणि पुन्हा त्या घरट्याकडे फिरकत नाही.

"म्हणजे पिल्लांना आई नसतेच?" नसते. त्यांना वाळू वाढवते.

पूर्वी त्या वाळूवर राखण कुणाची नव्हती. कोल्ही, कुत्री अंडी उकरायची, माणसंही उकरायची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं समुद्री गरुडाची घरटी शोधत किनारा पालथा घालत होती. वेळासला, म्हणजे केळशीच्या पलीकडे, बाणकोटच्या खाडीजवळ, त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. पुढे काही वर्षांनी पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोकांना बोलवावं, त्यांना गावातच जेवूखाऊ घालावं, अशी कल्पना निघाली आणि महोत्सव उभा राहिला. वेळासहून ती रीत आपल्याकडे आली. ज्यांची विक्री व्हायची त्याच अंड्यांच्या राखणीतून गावाला चार पैसे मिळू लागले, हे मला फार मोलाचं वाटतं. नुसत्या उपदेशाने ते झालं नसतं.

आता आपले कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारी गावातली माणसं, काय करतात? पहाटे, उजाडायच्या आत किनारा चालतात. मादीच्या पायांचा माग वाळूत उमटलेला असतो, डावा-उजवा पाय आळीपाळीने टाकल्याचा. तो जिथे संपतो तिथे वाळू चाचपून घरटं शोधायचं, अंडी अलगद काढायची आणि कुंपण घातलेल्या जागेत, ज्याला सगळे हॅचरीच म्हणतात, तिथे तेवढ्याच खोलीचा आणि तसाच खाली रुंद खड्डा करून ठेवायची. आणि हे काही तासांतच उरकायला हवं. कारण अंड्यातला जीव लवकरच कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंसुलटं झालं तर तो मरतो. म्हणून अंडी न हलवता, न फिरवता नेतात. प्रत्येक घरट्यावर पाटी लागते: अंडी किती, तारीख कोणती.

त्या पाटीवरची तारीख म्हणजे जत्रेचं पहिलं गणित. तिथून पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. आता पंचेचाळीस की साठ, हे कोण ठरवणार? वाळूची ऊब. वाळू गार असेल तर अंड्यातली वाढ सावकाश होते, दिवस वाढतात. पुढे ऊन चढलं, वाळू तापली की तीच वाढ भराभर होते. त्यामुळे महोत्सवाच्या तारखा आधी जाहीर केल्या तरी कासवमित्र शेवटपर्यंत "बघू या" असंच म्हणतात. ते टाळाटाळ करत नाहीत, खरं तेच सांगतात.

पण उबेचं काम एवढ्यावर संपत नाही. आपण मुलगा होणार की मुलगी, हे आपल्यात पहिल्याच क्षणी ठरतं. कासवात तसं नाही. अंडं घातलं तेव्हा आतला जीव नरही नसतो, मादीही नसतो. मधल्या दोन-तीन आठवड्यांत वाळू किती तापली त्यावर ते ठरतं. २९ ते ३० अंशांच्या आसपास एक सीमा आहे. त्याखाली राहिलं तर बहुतेक नर, वर गेलं तर बहुतेक माद्या. दीड फूट खालच्या वाळूत दोन अंशांचा फरक आणि शंभर भावांचं शंभर बहिणींत रूपांतर! थोरला म्हणाला, "मग जग तापत चाललंय त्याचं काय?" बरोबर विचारलंस. शास्त्रज्ञांना नेमकी तीच काळजी आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ हिरव्या समुद्री कासवांमध्ये आताच माद्यांचं प्रमाण भलतंच वाढलेलं आढळलं आहे. सावली धरून वाळू गार ठेवणं हा एक उपाय आहे.

मोसमाची जत्रा म्हटली की तारीख निसर्गाच्याच हातात असते, कुठेही जा. इटलीत द्राक्षमळ्यांच्या गावांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षं खुडायची लगबग असते. त्या सुमारास गावोगावी छोट्या जत्रा भरतात, साग्रा म्हणतात त्यांना. कुठे द्राक्षांची, कुठे चेस्टनटची, आल्बा गावात जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी अळंबीची. ती अळंबी माणसाला दिसत नाही, कुत्रा वासाने शोधतो. आपल्याकडे नाशिकला हीच धांदल जानेवारी ते मार्चमध्ये. तिथे वाइनच्या द्राक्षांचा दिवस असा ठरवतात: मणी चिरडून रसाचा थेंब एका नळीच्या काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. रसात साखर जितकी जास्त, तितका उजेड जास्त वळतो. आकडा हवा तिथे आला की खुडणी सुरू. आणि आपला हापूस? पाण्यात टाका. तळाला गेला तर तयार, तरंगला तर अजून कोवळा.

जत्रेला आलेल्या पाहुण्यांच्या पानातही हाच मोसम येतो. सकाळी घावन, दुपारी कुयरीची भाजी, सोलकढी, एखाद्या घरी मोदक. पण या दिवसांतला खरा मान ओल्या काजूगरांच्या उसळीचा. परवा पुण्याचा एक पाहुणा बोंडू हातात धरून बराच वेळ बघत राहिला. त्याला बी फळाच्या आत नाही, बाहेर लोंबतेय, याचंच नवल वाटत होतं. नवल खरंच आहे. आधी वाढतं ते बी, तेच खरं फळ. आपण ज्याला बोंडू म्हणतो तो नुसता देठ, मागाहून फुगून रसाळ झालेला. पक्ष्या-वटवाघळांनी बोंडासाठी यावं आणि बी दूर नेऊन टाकावं यासाठीची ही लाच. बीला मात्र कुणी दात लावू नये म्हणून तिच्या सालीत असं तेल भरलंय की हाताला लागलं तर कातडी सोलवटते. ओले काजू फोडणाऱ्या बायका हाताला खोबरेल किंवा राख चोळून बसतात ते म्हणूनच. पाहुण्यांना मी सांगतो, उसळ खाताना त्या हातांकडेही बघा. हे झाडसुद्धा मूळचं इथलं नव्हे बरं. पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आणलं, आणि आज आपलं पान त्याच्याशिवाय पुरं होत नाही.

आता चला हॅचरीवर. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. खाली काय चाललेलं असतं? पिल्लाच्या नाकाच्या टोकावर एक बारीक टोकेरी दात असतो, त्याने ते कवच फाडतं. पुढे तो दात गळून जातो. पण फोडून लगेच बाहेर येत नाही. दोन-चार दिवस सगळी भावंडं खालीच वळवळत असतात. वरची खरवडतात, छताची वाळू खाली पडते, खालची ती तुडवतात, आणि सगळ्यांचा तळ हळूहळू वर सरकतो. एकट्या पिल्लाला दीड फूट वाळू चढून येणं अवघडच. वर मात्र थोडी वाळू खचून खळगी दिसते. कासवमित्र त्या खळगीवर नजर ठेवून असतात.

पिल्लं वरच्या थरापाशी आली आणि वाळू तापलेली लागली, तर सगळी जागच्या जागी थांबतात. वाळू निवली की पुन्हा हालचाल. म्हणून ती संध्याकाळी, रात्री, पहाटे निघतात. पाहा, पुन्हा ऊबच आली: तिनेच दिवस ठरवला, तिनेच नर-मादी ठरवलं आणि तिनेच वेळही ठरवली.

मग टोपली उचलतात. पिल्लं काळसर, जेमतेम चार सेंटीमीटरची, वीस ग्रॅमही वजन नाही. त्यांना पाण्यात नेऊन सोडत नाहीत. पाण्यापासून काही पावलं अलीकडे वाळूवर ठेवतात आणि चालू देतात. दोन बाजूंना दोरी बांधलेली असते, माणसांनी तिच्यामागे राहायचं. हात लावायचा नाही, कॅमेऱ्याचा झोत मारायचा नाही. हे चालणं पिल्लाला हवं असतं. आपला किनारा त्याच्या मेंदूत कुठेतरी नोंदवला जातो तो याच सुमारास, असं शास्त्रज्ञांना वाटतं. वाट शोधायला ते क्षितिजाचा उजळ भाग धरतं. रात्री समुद्र जमिनीपेक्षा उजळ असतो. म्हणून किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे झगझगीत दिवे मला सलतात. पिल्लं दिव्याकडे वळतात आणि सकाळपर्यंत वाळून जातात. पाण्यात गेलं की लाटांच्या समोर तोंड करून पोहायचं, आणि पुढे पृथ्वीचं चुंबकत्व. फ्लोरिडात केनेथ लोमन या शास्त्रज्ञाने कासवांच्या पिल्लांना टाकीत सोडून भोवतालचं चुंबकीय क्षेत्र बदललं, तशी पिल्लांनी दिशा बदलली.

हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. मोठी कासवं कुठे जातात हे बघायला जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने आणि कांदळवन प्रतिष्ठानने आपल्या किनाऱ्यावरच्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली. वेळासची प्रथमा, आपल्या आंजर्ल्याची सावनी, बाकीच्या गुहागरच्या. कासव श्वासासाठी वर आलं की यंत्र ठावठिकाणा कळवतं. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची खुणेची पट्टी सापडली. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाला गहिरमाथ्यावर लावलेली होती! म्हणजे ही बाई हजारो किलोमीटर पोहून आली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असं जे समजत होते त्यांना आता पुन्हा विचार करावा लागतोय.

"आणि नर? ते परत कधी येतात?" नर कधीच येत नाहीत. ते जन्मभर पाण्यातच. उद्या तुम्ही जी पिल्लं बघाल त्यांतल्या नरांना जमिनीवरची चाल तेवढीच, दोरीच्या आतली.

पहाटे सहाला हॅचरीपाशी पोहोचायचं, उशीर नको. पाचवं घरटं दिवसांवर आलंय, खळगी पडलीय. टोपलीखाली काही नसलं तर फुरंगटायचं नाही. जोग नदीच्या काठाने परत यायचं, घावन खायचं, कड्यावर गणपतीला जाऊन यायचं, तिथून सुवर्णदुर्ग दिसतो तो बघायचा. दुपारनंतर हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव असतो. आणि सूर्य कलला, वाळू निवायला लागली की परत हॅचरीवर.