रिबेट बिट: स्वस्त कशाला म्हणायचं?

मंडळी, फोटोच्या चौकटीत काच बसते ती मागच्या बाजूच्या पायरीसारख्या खाचेत. हिला रिबेट म्हणतात. राउटरने ती पाडायची तर रिबेट बिट लागतं. दुकानात पहिला प्रश्न किमतीचा येतो. आम्ही म्हणतो, आधी रचना समजून घेऊ. स्वस्त काय, ते मग आपोआप कळेल.

या बिटाच्या टोकाला बेअरिंग असतं. ते लाकडाच्या कडेला टेकून चालतं आणि त्याच्या वरचं पातं लाकूड कापतं. म्हणून खाचेची रुंदी अशी निघते: पात्याच्या व्यासातून बेअरिंगचा व्यास वजा करा आणि उरेल त्याचं निम्मं घ्या. पातं 35 मिमी, बेअरिंग 16 मिमी, तर खाच 9.5 मिमी. बेअरिंग 22 मिमीचं लावलं की 6.5. बघा, पातं तेच! तेव्हा चार बिटं घेण्यापेक्षा बेअरिंगांच्या संचासह कार्बाइडचं एकच चांगलं बिट घेणं, हे खरं स्वस्त.

मात्र बिटाची दांडी 6 मिमीची आणि राउटरचं कोलेट पाव इंची, म्हणजे 6.35 मिमीचं, असं चालवून घेऊ नका. बिट सुटून अंगावर येऊ शकतं. पूर्ण खोली एका दमात न कापता दोन-तीन फेऱ्यांत कापा. राउटर पात्याच्या फिरण्याविरुद्ध न्यायचा: बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट, चौकटीच्या आतून घड्याळाप्रमाणे.

आणि कड आधी रंधून सरळ करा, बरं का. बेअरिंग कडेचीच नक्कल करतं. कडेतला खड्डा खाचेत उतरतोच. मोजपट्टीच वाकडी दिली, तर रेघेला दोष कसा द्यायचा?